ठोकळ्यांचा कोपरा
(देवबाग येथे मंडळाच्या पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून काहींना हसू आले असेल. शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, वसतिगृह असे मोठमोठे विषय सोडून ही बाई ठोकळ्यांवर बोलणार! मी बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणे हे माझे काम. पदवी कला शाखेची, शिक्षणशास्त्राची नव्हे. पण बालवाडीसाठी यंदा काय घ्यावे हा प्रश्न मंडळापुढे आहे आणि त्यावर तीन सूचना आल्या आहेत. भिंतीवर अक्षरांची चित्रे रंगवावीत, टीव्ही घ्यावा किंवा रंगीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा खोका आणावा. माझी सूचना चौथी आहे. फणसाच्या लाकडाचे साधे ठोकळे करून घ्यावेत आणि त्यांच्यासाठी खोलीतला एक कोपरा कायमचा राखून ठेवावा. या दोहोंत कोपरा मला ठोकळ्यांहून महत्त्वाचा वाटतो. तो का, ते सांगायला उभी आहे.

मुलांच्या हाती ठोकळे देण्याचा विचार ज्याने पहिल्यांदा पद्धतशीर मांडला तो जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल. तरुणपणी तो बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांची मांडणी करण्याचे काम करीत असे. स्फटिकांचे कोन आणि पैलू पाहता पाहता त्याची दृष्टी तयार झाली असावी. १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन म्हणजे ‘बालोद्यान’ असे नाव दिले. त्याने मुलांसाठी जी साधने केली त्यांत दोन इंची लाकडी घनाचे आठ सारखे तुकडे होते. मुलाने ते वेगळे करावेत, पुन्हा जोडावेत, त्यातून खुर्ची, पूल, पायऱ्या कराव्यात. आता आश्चर्य पाहा, १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला आणि बंदी उठली ती १८६० मध्ये. चार वर्षांची मुले ठोकळे रचतात याची एका राजसत्तेला धास्ती वाटावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आज जगभरच्या बालशाळांत जे ठोकळे दिसतात ते अमेरिकेतील कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेचे. सुतारकाम शिकवणारी बाई होती ती. १९१४ साली तिने न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली. तिच्या ठोकळ्यांना रंग नाही, चित्र नाही, अक्षर नाही. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. बाकीचे सारे ठोकळे या मापाशी बांधलेले, कुणी अर्धा, कुणी दुप्पट, कुणी चौपट. सगळी करामत या प्रमाणात आहे. भिंत रचताना एक लांब ठोकळा कमी पडला की मूल दोन मधले ठोकळे घेऊन ती जागा भरते. दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण, हे त्याच्या हाताला चौथ्या वर्षी कळते. फळ्यावर तो अपूर्णांक पुढे कितीतरी वर्षांनी येतो आणि तेव्हा आपल्या कितीतरी मुलांना तो परका वाटतो.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे शहरातले काम सोडून ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. माँटेसोरी बाईंची साधने सुंदर, पण महाग. गावात ती कुठून आणायची? या दोघींनी शिंपल्या, बिया, दगड, पाने, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून साधने उभी केली. आणि गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे हाच शब्द सरकारी कागदावर देशभर गेला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पद्मश्री. पण मला त्यांचा मोठेपणा यात दिसतो की गरिबाच्या मुलाला ‘सध्या चालेल असे काहीतरी’ दिले नाही. स्वस्त दिले, पण विचारपूर्वक दिले.

आता कोपऱ्याविषयी. हा शब्द आपल्याला थोडा टोचतो, हे मला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतला कोपरा सांगितला आहे. इतर मुलांत बसायचे नाही, एका बाजूला वेगळे बसायचे. बसायचे गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. त्या मुलाची वर्गात अशी एक वीतभर जागाही नव्हती की जिथे त्याची वस्तू रात्रभर राहील. मी ज्या कोपऱ्याविषयी बोलते आहे तो याच्या अगदी उलट आहे. तिथल्या वस्तू तिथेच राहतात, सगळ्यांच्या असतात आणि कुणाचाही हात लागला तरी चालतो.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण आहे. एका बालवाडीत मी रंगीत ठोकळ्यांचा झकास खोका पाहिला, कपाटात, कुलूप लावलेला. किल्ली सेविकेच्या पदराला. पाहुणे आले की खोका निघायचा, फोटो व्हायचा, खोका परत आत. सेविकेचा दोष मी म्हणत नाही. एखादा तुकडा हरवला तर जाब तिलाच द्यावा लागणार. बँकेतसुद्धा ज्या वस्तूचा जाब द्यावा लागतो ती वस्तू माणूस कुलपात ठेवतो. म्हणून मंडळाने ठोकळे देताना लेखी द्यावे की झिजणे, हरवणे, फुटणे हे धरूनच चालले आहे आणि दर वर्षी दहा-पंधरा तुकडे नवे करून मिळतील. हा एक ठराव झाला तर अर्धे काम झाले.

जागा कशी निवडावी? आपली खोली लहान. तिथेच खिचडीची ताटे, तिथेच वजनाचा काटा, तिथेच झोपणारी दोन बाळे. तरी दाराच्या येण्याजाण्यात नसलेला, दोन बाजूंनी भिंत असलेला कोपरा बहुतेक खोल्यांत सापडतो. आठ फूट बाय सहा फूट मिळाला तर उत्तम, एका वेळी चार मुले ऐसपैस बसतील. गोष्टीचा किंवा झोपेचा कोपरा याला चिकटून नको, कारण मनोरे पडणार आणि आवाज होणार. भातुकलीचा कोपरा मात्र शेजारीच हवा. त्याचे कारण महत्त्वाचे आहे. ठोकळे मुलगे बळकावतात आणि मुली भातुकलीकडे ढकलल्या जातात, हे कुठेही दिसते. दोन्ही कोपरे शेजारी असले की चुलीला घर लागते, घराला भिंती लागतात आणि मुली आपसूक बांधकामावर येतात. तेवढ्यानेही जमले नाही तर आठवड्यातून दोन दिवस आधी मुलींची पाळी, असे सरळ ठरवावे. लाजायचे कारण नाही.

जमीन सपाट हवी. खाली पातळ सतरंजी ताणून अंथरावी, आवाज कमी होतो. जाड गादी किंवा मऊ रबरी चटई नको, तिच्यावर मनोरा उभा राहत नाही आणि मुलाला वाटते की आपलेच चुकले. आपल्याकडे वाळू पायाबरोबर आत येतेच, तेव्हा सतरंजी रोज झटकावी.

कपाट नको, उघडी फळी हवी. उंची दोन फुटांपर्यंत, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल. जड आणि लांब ठोकळे खाली, हलके वर. प्रत्येक आकाराच्या जागी फळीवर त्याच ठोकळ्याची बाह्यरेषा रंगवून ठेवावी. मग खेळ संपल्यावर ‘आवरा रे’ म्हणून ओरडावे लागत नाही. लांब ठोकळा लांब चित्रावर, त्रिकोण त्रिकोणावर, आवरणे हाच वर्गीकरणाचा खेळ होतो. फळीपासून हातभर अंतरावर जमिनीवर एक रंगीत रेघ मारावी आणि रेघेच्या आत कुणी बांधायचे नाही. नाहीतर एक मूल फळीला खेटून घर बांधते आणि दुसरे ठोकळा घ्यायला गेले की घर पडते. भांडणांपैकी बरीच भांडणे या एका रेघेने मिटतात. बाकी नियम दोनच पुरेत. दुसऱ्याचे पाडायचे नाही आणि आपल्या खांद्याहून उंच रचायचे नाही. ठोकळा फेकला तर खेळ त्या दिवसापुरता बंद.

आता लाकूड आणि हिशेब, हा माझा प्रांत. परदेशी मापाच्या मागे लागण्याची गरज नाही, प्रमाण पाळले म्हणजे झाले. आपल्या सुतारांना सहा इंच बाय तीन इंच बाय दीड इंच हे माप सोयीचे पडेल. असे पूर्ण ठोकळे ५०, अर्धे ३०, दुप्पट लांबीचे २० आणि १० पूर्ण ठोकळे तिरके कापून त्यांचे त्रिकोण २०. एकूण नग १२०. मी घनफळ काढून पाहिले, सगळे मिळून ३१०५ घनइंच होते, म्हणजे पावणेदोन घनफुटांच्या किंचित वर. करवतीची आणि रंध्याची तूट धरून अडीच घनफूट लाकूड हाताशी ठेवावे. एका दाराच्या चौकटीला लागते त्याच्या जवळपासचे हे प्रकरण आहे. फणसाचे लाकूड आपल्याकडे मिळते, टिकते आणि दिसायलाही सुंदर. आंब्याचे स्वस्त, पण कीड लवकर धरते. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळे आपल्या सर्वांना माहीत आहेत. ती कला मोठी, पण इथे रंग नकोच. रंग उडतो, मुले तोंडात घालतात, आणि लाल ठोकळ्याला ‘लाल’ यापलीकडे काही होऊ दिले जात नाही. बिनरंगी ठोकळा आज मासळी, उद्या मोबाईल, परवा एस.टी.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगावी लागेल. कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने गोल करायचे आणि मापात एका सुताचीही चूक चालायची नाही. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण झाला नाही, तर सगळा पैसा पाण्यात. ‘पोरांचे खेळणे’ म्हणून हलक्या हाताने केलेले काम इथे उपयोगाचे नाही.

एक अडचण खास आपली आहे. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये ही वाळूची चिंचोळी पट्टी. जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. लाकूड फुगते, बुरशी येते, वाळवी लागते. म्हणून फळीखाली चार कोपऱ्यांना चार चिरे घालावेत आणि ती भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावी. उघडीप मिळाली की ठोकळे वाऱ्यावर पसरावेत, कडक उन्हात नव्हे. ओल्या फडक्याने पुसू नयेत. लाकूड वाळलेले असेल तरच कापायला घ्यावे, ओल्या लाकडाचे माप पहिल्याच उन्हाळ्यात बदलते.

‘आमची पोरां दिसभर वाळूत किल्ले करतत, मगे ठोकळे कशाक?’ असे एका आजींनी मला विचारले. प्रश्न चांगला आहे. वाळू हे उत्तम खेळणे आहे आणि ते आपल्याला फुकट मिळाले आहे. मुंबईची मुले त्यासाठी पैसे मोजून इथे येतात. पण वाळूचा आकार हातातून निघाला की मोडतो, ती मोजता येत नाही. ठोकळा आहे तेवढाच राहतो. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला समजून घ्यावे लागते. अलीकडचा ठोकळा दोन बोटे सरकवल्याशिवाय त्यावर आडवा ठोकळा टेकणार नाही, हे मुलाला कुणी सांगत नाही. ठोकळाच सांगतो.

हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने १९३३ साली मुलांच्या रचनांचा क्रम लिहून ठेवला. पहिल्यांदा मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहते. मग ओळी लावते, मनोरे रचते. नंतर दोन उभ्यांवर एक आडवा टाकून पूल करते. मग चारी बाजूंनी बंदिस्त जागा करते. मग नक्षी. पुढे रचनेला नाव देऊ लागते आणि शेवटी खरोखरीची गोष्ट उभी करते, घर म्हणजे घर, बंदर म्हणजे बंदर. आपल्या मुलांत हा क्रम मी स्वतः पाहिला आहे. एका गवंड्याचा चार वर्षांचा मुलगा सांध्यावर सांधा येऊ न देता भिंत रचत होता. बापाला चिरे बसवताना पाहिलेले असणार. अक्षरे गिरवण्यात तो मागे, म्हणून ‘मंद’ ठरलेला. दुसरी एक मुलगी लांब ठोकळ्यांची रांग लावून बसली होती. सेविकेने विचारले, ‘ह्या काय केलंस गो?’ ती म्हणाली, ‘हो बंधारो. दर्या भुतूर येता, म्हणान.’ ज्या वाडीत पावसाळ्यात मोठी माणसे समुद्राकडे पाहत रात्र काढतात, तिथल्या मुलीने चार वर्षांच्या वयात काय बांधावे? तिच्या मनात काय चालले आहे ते कोणत्याही गिरवण्याच्या वहीत दिसले नसते.

अशा वेळी सेविकेने काय करावे? फारसे काही नाही, आणि तेच अवघड आहे. स्वतः बांधून दाखवू नये, नमुना देऊ नये. नुसते ‘छान, छान’ म्हणू नये. जे दिसते ते बोलावे: ‘लांब ठोकळे खाली घातलेस, आखूड वर.’ त्यातून लांब-आखूड, आत-बाहेर, वर-खाली, आडवा-उभा हे शब्द मुलाच्या तोंडी बसतात. ते मालवणीत आले तरी हरकत नाही, उलट ते आधी मालवणीतच यावेत. वेळ किमान पाऊण तास सलग द्यावा. पहिली दहा मिनिटे नुसती ने-आण करण्यात जातात, खरी रचना त्यानंतर सुरू होते. वीस मिनिटांनी घंटा वाजवणे म्हणजे पेरल्यावर लगेच माती उकरून पाहणे. शक्य असेल तेव्हा एखादी रचना दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यावी. मूल सकाळी धावत येऊन आधी तीच पाहते. सोबत शिंपल्या, करवंट्या, सुरूची फळे एका टोपलीत ठेवावीत. बारीक वस्तू मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोत, ती तोंडात जातात.

पालकांचा आक्षेप मला माहीत आहे. शेजारच्या गावात इंग्रजी नर्सरीत मूल एबीसीडी लिहिते, आणि आमचे लाकडे रचते! या काळजीमागे अपमानाचा जुना अनुभव आहे, मी तिला हसणार नाही. आपल्या आजोबांना पाटी मिळाली नाही, म्हणून नातवाच्या हाती आधी पाटी, हे मला समजते. पण तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल पेलण्याचे बळ नसते. ते बळ वस्तू धरून, तोलून, नेमकी ठेवून येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा म्हणून धरली आणि खेळातून शिकणे हाच त्याचा आधार मानला. २०२४ साली अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला, त्याची दिशाही तीच आहे. तेव्हा हे बाहेरचे खूळ नव्हे. शहरातल्या महागड्या शाळांत पालक याच ठोकळ्यांसाठी भरमसाट फी भरतात. तिथे त्याला शिक्षण म्हणतात आणि आपल्या मुलांनी केले की टाइमपास म्हणतात, हे मला मान्य नाही.

विद्यार्थी मित्रांकडे माझे एक काम आहे. दहावी-बारावीची जी मुले-मुली इथे आहेत त्यांनी महिन्यातून एकदा तास-दीड तास बालवाडीत बसावे. मध्ये बोलू नये. कोणी काय बांधले त्याचे साधे रेखाचित्र वहीत काढावे, तारीख घालावी, मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. वर्षाअखेरी ती वही पालकांना दाखवता येईल. जून महिन्यात नुसती रांग लावणारे मूल मार्चमध्ये जेटी बांधते, हे बापाला गुणपत्रिकेपेक्षा लवकर कळेल.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता खोलीचे माप घ्यायचे आहे. ज्यांच्या पडवीत फणसाचे जुने, वाळलेले वासे किंवा चौकटीचे तुकडे पडून असतील त्यांनी मंडळाच्या चिटणिसांकडे नाव द्यावे, दीड इंचापेक्षा जाड असतील तेवढेच. चार चिरे मी देते. सुताराची मजुरी आणि फळीचा खर्च किती येतो याचा अंदाज घेऊन पुढच्या सभेत मी तो लेखी ठेवीन, आणि तुकड्यांच्या तुटीचा ठराव त्याच सभेत मांडीन. त्याला अनुमोदन द्यायला एखादी सेविकाताईच पुढे आली तर बरे होईल.